कुणाचं खासगी, कुणापुरतं खासगी

कोलकात्याच्या डलहौसी चौकात, म्हणजे आजच्या बिनय-बादल-दिनेश बागेच्या उत्तरेला, रायटर्स बिल्डिंग ही लाल, लांबलचक इमारत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांसाठी ती बांधली आणि पुढे बंगालचा सगळा राज्यकारभार तिथून चालला. माहितीच्या खासगीपणावर लिहायला बसलं की सुरुवात अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठापासून करायची असा प्रघात आहे. मला ती या इमारतीपासून करावीशी वाटते. १८९७ साली बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय इथे सुरू झालं. आणि ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसूंनी इथूनच दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. माणूस ओळखण्याचं साधन आणि माणूस केव्हाही गाठण्याचं साधन, दोन्हींचा नारळ एकाच वास्तूत फुटला. आता दोन्ही आपल्या खिशात एकत्र असतात : अंगठा टेकवला की फोन उघडतो.

ठशांची गोष्ट जरा मागून सांगायला हवी. १८५८ मध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीसाठी राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी करार केला. हा माणूस उद्या सहीवरून उलटू नये म्हणून त्याने कागदाच्या पाठीवर कोनाईच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. तेव्हा त्यात शास्त्र नव्हतं, होता तो धाक. पुढे दोन दशकांनी हुगळीला असताना हर्शेलने पेन्शनवाल्यांचे आणि दस्त नोंदवणाऱ्यांचे ठसे घेण्याची पद्धत पाडली. मग बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या कार्यालयात अझीझुल हक यांनी ठशांची १०२४ खणांत विभागणी करणारं गणित बसवलं आणि हेमचंद्र बोस यांनी ठसा तारेने कळवता यावा अशी सांकेतिक पद्धत तयार केली. नाव मात्र 'हेन्री पद्धत' असंच पडलं. १९०१ मध्ये हेन्री लंडनला गेले तेव्हा ती पद्धतही स्कॉटलंड यार्डात गेली. श्रेयाच्या या वाटणीवर बंगाली माणूस आजही तावातावाने बोलतो, आणि त्याचं बरोबर आहे.

या वाटेचं पुढचं मोठं ठिकाण आपल्याकडे, नंदुरबार जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. कोनाईचा ठसा एका करारापुरता होता. रायटर्स बिल्डिंगमधल्या खणात पडलेला ठसा त्या माणसाला जन्मभर चिकटला. आधारसाठी दिलेला ठसा सरकारी योजनांसाठी म्हणून घेतला गेला आणि बघता बघता सिमकार्डवाल्यापासून बँकेपर्यंत सगळे तो मागू लागले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांची ही मागणी अडवली.

आता गंमत अशी, की बोटाचा ठसा हे गुपित कधीच नव्हतं. चहाच्या पेल्यावर, बसच्या दांड्यावर आपण तो दिवसभर ठेवत फिरतो. तरीही तो कुठल्याशा कपाटात आपल्या नावाने लावला गेला की काहीतरी बदलतं. ते नेमकं काय बदलतं, हे सांगण्याचा प्रयत्न म्हणजे खासगीपणाचे सिद्धांत. पुढच्या प्रकरणांत ते सविस्तर येतील. त्यांतले काही मला पटतात, काही अपुरे वाटतात. वाचकाला माझा कल आधीच ठाऊक असलेला बरा, म्हणून तो इथे मांडतो.

सुरुवातीचं पान ठरलेलं आहे. १८९० साली बोस्टनमधल्या सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त लेख लिहिला. हातात मावणारे कॅमेरे आणि कुजबुज छापणारी वर्तमानपत्रं यांनी त्रासलेल्या प्रतिष्ठितांची ती तक्रार होती : आम्हाला आमच्यापुरतं राहू द्या. १९६७ मध्ये अॅलन वेस्टिन यांनी ती तक्रार आवरून तिची व्याख्या केली. आपल्याविषयीचं काय, केव्हा आणि किती दुसऱ्याला कळावं हे ज्याचं त्याने ठरवायचं, ही ती व्याख्या. जगभरचे कायदे आणि 'मला मान्य आहे' असं लिहिलेली सगळी बटणं याच विचाराच्या पोटची. माणूस आपल्या माहितीचा मालक, आणि मालकाने हो म्हटलं की व्यवहार पुरा.

हा विचार नीटनेटका आहे. कोलकात्यातल्या अलीकडच्या एका प्रकरणाला तो लावून पाहू. इथल्या एका खासगी विद्यापीठात २०२१ मध्ये एक तरुण सहायक प्राध्यापिका रुजू झाली. तिच्या म्हणण्यानुसार, रुजू होण्यापूर्वी काही महिने तिने इन्स्टाग्रामवर पोहण्याच्या पोशाखातली आपली छायाचित्रं टाकली होती. खातं बंदिस्त होतं, म्हणजे तिने परवानगी दिलेल्यांनाच दिसणारं. छायाचित्रंही 'स्टोरी' म्हणून टाकलेली, चोवीस तासांत आपोआप नाहीशी होणारी. पुढे एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तक्रार केली की मुलगा बाईंचे असले फोटो पाहताना सापडला. तिला बैठकीत बोलावण्यात आलं, फोटो समोर ठेवण्यात आले आणि आपल्याला राजीनामा देणं भाग पाडलं, असं ती सांगते. तिने स्वखुशीने नोकरी सोडली, असं विद्यापीठ म्हणतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण वर्तमानपत्रांत आलं आणि मग सगळ्या देशाला त्या फोटोंविषयी मत असणं क्रमप्राप्त झालं.

वेस्टिन यांच्या मोजपट्टीने तिने करायचं ते सगळं केलं होतं. कोणी पाहावं ते ठरवलं, किती वेळ पाहावं तेही ठरवलं. एका स्क्रीनशॉटने दोन्ही निर्णय निकालात निघाले. नियंत्रणाचा सिद्धांत यावर एवढंच म्हणू शकतो की तिचं नियंत्रण कमी पडलं. म्हणजे दोष पुन्हा तिच्याच पदरात.

दुसरा एक सिद्धांत याहून निर्दय आहे. त्याला खर्च-लाभाचा हिशेब म्हणता येईल. माणूस माहिती देताना मनात तोलतो : काय मिळेल, काय जाईल. लाभ जड वाटला की देतो. कोलकात्याच्या विमानतळावर २०२३ पासून डिजियात्रा आहे. चेहरा दाखवा आणि रांग टाळा. दहा मिनिटं वाचणार हे डोळ्यांसमोर दिसतं. चेहऱ्याचं पुढे काय होणार हे दिसत नाही. तागडीचं एकच पारडं दिसत असेल तर त्याला तोलणं कसं म्हणायचं? अलीशिया मॅकडॉनल्ड आणि लॉरी क्रॅनर यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला होता की अमेरिकेतल्या माणसाने तो पाहत असलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचं गोपनीयता धोरण वाचायचं म्हटलं तर वर्षाकाठी दोनशेहून अधिक तास लागतील. तेव्हा लोक बोलताना खासगीपणाची काळजी करतात आणि वागताना फोन नंबर देऊन मोकळे होतात, या विसंगतीवर संशोधकांनी जे डोंगराएवढं लिहून ठेवलं आहे, त्याचं मला फारसं नवल वाटत नाही. गडियाहाटच्या दुकानात गल्ल्यावरचा मुलगा 'नंबर बोला' म्हणतो, मागे रांग उभी असते, आणि नंबर न देता बिल होतं का, हे विचारण्याचीही सोय नसते. त्याला निवड म्हणणं ही अभ्यासकांची हौस आहे.

मला ज्या दोन सिद्धांतांनी काही शिकवलं ते माणसाकडे एकटा म्हणून पाहत नाहीत. पहिला सँड्रा पेट्रोनिओ यांचा. त्या म्हणतात, माहिती एकदा दुसऱ्याला सांगितली की तो तिचा सहमालक होतो, आणि पुढे ती कुणाला सांगायची याचे नियम दोघांनी मिळून करायचे असतात, बहुतेक वेळा न बोलता. नियम मोडला की जी खळबळ उडते तिलाच आपण खासगीपणाचा भंग म्हणतो. हे सिद्धांतात वाचलं तेव्हा रवींद्रनाथांची 'नष्टनीड' ही १९०१ मधली कथा एकदम उलगडली. सत्यजित राय यांचा 'चारुलता' तिच्यावरूनच निघाला. चारू आणि तिचा दीर अमल यांचं लिहिणं दोघांपुरतं असायचं, असा चारूच्या मनातला करार. अमल ते मासिकात छापून आणतो. लेख चांगला असतो, लोक वाखाणतात, कुणाची बदनामी होत नाही, कुठलंही गुपित फुटत नाही. तरी चारूला जे लागतं ते वॉरन-ब्रँडाइस यांच्या कोष्टकात बसवता येत नाही. दोघांचा नियम एकाने परस्पर बदलला, एवढंच ते आहे, आणि त्याने घर मोडायला सुरुवात होते. व्हॉट्सअॅपच्या कौटुंबिक गटातला मजकूर बाहेर गेल्यावर ज्या घरांत महिनोन्महिने अबोला धरला जातो, तिथेही हेच झालेलं असतं.

दुसरा सिद्धांत हेलन निसेनबाम यांचा. २००४ मधल्या निबंधात आणि २०१० मधल्या ग्रंथात त्यांनी तो मांडला. प्रत्येक प्रसंगाच्या माहितीला आपापली रीत असते. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरकडून मालकाकडे जाऊ नये, मित्रांना दाखवलेलं मित्रांतून शिस्तपालन समितीपुढे जाऊ नये. माहिती कुणी दिली, कुणाविषयी आहे, कुणाला गेली, कोणत्या बोलीवर गेली, हे सगळं धरून वाट ठरते. वाट मोडली की खासगीपणा मोडला, मग माहिती कितीही उघडी असो. त्या प्राध्यापिकेच्या प्रकरणात यामुळे दोष शोधायची जागाच बदलते. पोहण्याचा पोशाख हा विषय राहत नाही. मैत्रिणींच्या वर्तुळातलं छायाचित्र नोकरीच्या फायलीत कोणत्या वाटेने आलं, आणि आल्यावर ते बाजूला सारायचं सोडून लोकांनी ते टेबलावर का पसरलं, हे प्रश्न उरतात. चौकशीच्या नावाखाली बघणाऱ्यांची संख्या वाढवणं हाही भंगच आहे. डॅनियल सोलोव्ह यांनी २००६ मध्ये खासगीपणाच्या हानींची जी वर्गवारी केली, तिच्यात यासाठी वेगळा कप्पा आहे.

निसेनबाम यांचा सिद्धांत मी कोलकात्याच्याच दुसऱ्या घटनेवर घासून पाहिला. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांनी मुख्यमंत्री ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं. व्यंगचित्राचा आधार राय यांच्याच 'सोनार केल्ला'चा. पाठवलं कुठून, तर ते राहत होते त्या सहकारी गृहसंस्थेच्या ईमेलवरून, आणि पाठवलं कुणाला, तर सभासदांना. त्यांना मारहाण झाली आणि संस्थेच्या वृद्ध सचिवांसह अटकही झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ लावलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी त्याच कलमाखाली पकडलं. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. महापात्र मात्र जानेवारी २०२३ मध्ये सुटले. कलम मेल्यावरही जवळपास आठ वर्षं खटला जिवंत होता.

हे प्रकरण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं म्हणून शिकवलं जातं, ते योग्यच. पण शेजाऱ्यांत फिरवलेला विनोद पोलीस ठाण्यात पोचला, ही माहितीची वाट मोडल्याचीही गोष्ट आहे. आणि इथेच निसेनबाम यांना अडचण येते. सोसायटीच्या ईमेलची रीत काय होती? पाण्याची टाकी, देखभालीची थकबाकी, दुर्गापूजेची वर्गणी. राजकीय व्यंगचित्र त्या रीतीत बसतं का? गप्पांच्या अड्ड्यावर वाढलेला बंगाली गृहस्थ म्हणेल, अलबत बसतं. तक्रार करणारा शेजारी म्हणेल, बसत नाही. रीत कुणाची धरायची याचं उत्तर सिद्धांत देत नाही. समाजात ज्याचा आवाज मोठा त्याची रीत 'रीत' ठरते, आणि स्त्रियांच्या, दलितांच्या, भाडेकरूंच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. त्या प्राध्यापिकेला ज्यांनी बोलावलं तेही रीतीचंच नाव घेत असणार.

घरातल्या घरातही हा पेच आहे. नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या स्त्रियांच्या फोनवापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोन तिच्या नावाचा, पण हातात नवरा, मुलं, सासू सगळ्यांच्या. खासगीपणा हवा असं म्हणणं म्हणजे काहीतरी लपवतेय अशी कबुली. मग या बायका काय करतात? फोन देण्याआधी एखादंच संभाषण पुसतात, सगळं पुसलं तर संशय येतो म्हणून. एखाद्याच अॅपला कुलूप लावतात. काही गोष्टी फोनवर शोधतच नाहीत. 'एक माणूस, एक यंत्र, एक संमती' हे पाश्चात्त्य सिद्धांताचं गृहीतक इथे पहिल्याच पायरीवर घसरतं. वाड्यात वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही. आपल्याकडे खोली नव्हती तेव्हाही माणसं खासगीपण सांभाळतच होती : वेळेने, आवाजाने, नजर फिरवून.

आणि सरकार? पाळतीचा विचार निघाला की बेंथमच्या वर्तुळाकार तुरुंगाचा आणि त्यावरून फूकोने १९७५ मध्ये काढलेल्या निष्कर्षाचा दाखला ठरलेला : कुणीतरी पाहत असेल या जाणिवेनेच कैदी स्वतःला आवरतो. हा दाखला मला इंटरनेटवर सर्रास चिकटवलेला आवडत नाही. तो चालण्यासाठी कैद्याला मधला पहाऱ्याचा मनोरा दिसावा लागतो. गुप्त पाळत उलट न कळण्यावरच चालते. २०२१ च्या जुलैत फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगॅसस या सॉफ्टवेअरचं नाव गाजलं तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने न्यायमूर्ती मदन लोकूर आणि ज्योतिर्मय भट्टाचार्य यांचा चौकशी आयोग नेमला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची समिती नेमल्यावर डिसेंबरात आयोगाचं काम थांबवलं. (महापात्रांना पकडणारं आणि हा आयोग नेमणारं सरकार एकच. खासगीपणाची आठवण ज्याच्या फोनवर घाला पडतो त्याला लवकर होते.) अशा हेरगिरीत नुकसान होतं ते सोलोव्ह यांनी काफ्काचा दाखला देऊन सांगितलं तसं. कुठेतरी तुमची फाइल आहे, तिच्यात काय आहे ते तुम्हाला कळणार नाही, आणि तिच्यावरून निर्णय होत राहतील.

कायद्याची बाजू महाराष्ट्राशी नातं असलेल्या माणसांच्या हातून बरीच घडली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्यातला प्रमुख निकाल धनंजय चंद्रचूड यांचा, आणि त्यात त्यांनी आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालाला चुकीचं म्हटलं त्यात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये विदा संरक्षण विधेयकाचा मसुदा दिला. २०२३ मध्ये प्रत्यक्ष कायदा आला तो मात्र बराच वेगळा. कंपन्यांना अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, पण सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळता येतं. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमाला कात्री लावली. खासगीपणाच्या नावाने अधिकाऱ्याची माहिती झाकायची आणि नागरिकाची उघडी ठेवायची, ही वाटणी माहिती अधिकारासाठी उपोषणं पाहिलेल्या महाराष्ट्राने तरी निमूट सोसू नये. सगळा डोलारा उभा आहे तो पुन्हा वेस्टिन यांच्या संमतीवरच. निसेनबाम आणि पेट्रोनिओ यांचा त्याला फारसा वारा लागलेला नाही.

वाचकाने पुढची प्रकरणं वाचताना एक घटना जवळ ठेवावी, कारण तिच्यावर हे सगळे सिद्धांत आपसांत भांडतात. कोलकात्यातलं एल्गिन रोडवरचं ३८/२ आणि वुडबर्न पार्कमधलं १ ही नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कुटुंबाची घरं. नेताजींचे पुतणे शिशिरकुमार आणि अमियनाथ यांच्यावर स्वातंत्र्यानंतरही, १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं, गुप्तचर खात्याची पाळत होती. घरी येणारी-जाणारी पत्रं उघडून त्यांच्या नकला केल्या जात होत्या. हे एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारातल्या कागदांवरून बाहेर आलं. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला राज्य सरकारने आपल्याकडच्या ६४ फायली खुल्या करून कोलकाता पोलीस संग्रहालयात ठेवल्या. सरकारने नागरिकांशी काय केलं हे कळण्यासाठी असल्या फायली खुल्या व्हायलाच हव्यात. पण पाळतीच्या फायलीत असतं काय, तर लोकांच्या पत्रांच्या नकला : एकाने दुसऱ्याला लिहिलेलं, पोलिसाने चोरून वाचलेलं. आता ते संशोधकाने वाचावं का? पेट्रोनिओ विचारतील, सहमालकांना कुणी विचारलं का. निसेनबाम म्हणतील, अभिलेखागाराचीही एक रीत असते. वेस्टिन यांच्यापाशी मेलेल्या माणसासाठी उत्तर नाही. माझं मत असं की पाळत ठेवणाऱ्याची टिपणं, हुकूम, सह्या पूर्ण खुल्या असाव्यात. पत्रांतला घरगुती मजकूर मात्र घरच्यांना विचारून मगच खुला करावा, त्याने इतिहास थोडा अडला तरी चालेल. इतिहासकार मित्रांना हे मान्य नाही. पुस्तक वाचून झाल्यावर वाचक त्यांच्या बाजूला गेला तरी माझी हरकत नाही. फक्त कोणत्या सिद्धांताने गेलो, हे त्याला सांगता यावं.